कृत्रिम रेशीम, उल्हास नदी आणि वसईच्या खाडीचा गाळ

वसईच्या खाडीचा इतिहास म्हटला की आपले बोट आपसूक १७३९ वर जाऊन थांबते. पोर्तुगीजांचा तट, मराठ्यांचे सुरुंग, चिमाजी अप्पा, मे महिन्यातील शरणागती. आजचा धागा त्याच खाडीविषयी आहे, पण त्यात तोफा नाहीत. त्यात साडी आहे, मीठ आहे, पारा आहे आणि माणसाचा मेंदू आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम भूगोल. वसईची खाडी ही स्वतंत्र वस्तू नव्हे. ते उल्हास नदीचे मुख आहे. राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत उगम पावलेली ही नदी कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी उतरत येते. वाटेत भातसा आणि काळू या नद्या तिच्या खोऱ्याला मिळतात. ठाण्याच्या उत्तरेस तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीकडे वळतो आणि मुख्य प्रवाह घोडबंदरवरून, एका बाजूला भाईंदर आणि दुसऱ्या बाजूला नायगाव-वसई ठेवून समुद्रात शिरतो. त्यामुळे कल्याणच्या आसपास पाण्यात जे पडले, त्याचा काही अंश भरती-ओहोटीच्या झोक्याने वसईच्या तिवरांपर्यंत पोहोचणारच. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे लागेल.

आता साडीकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडबाजारात ‘आर्ट सिल्क’ हा शब्द रूढ झाला. आर्ट म्हणजे येथे कला नव्हे. ‘आर्टिफिशियल’चा तो लचका. खरे रेशीम ज्यांना परवडत नव्हते त्यांच्या लग्नकार्यात या कृत्रिम रेशमाने झळाळी आणली. त्याचे शास्त्रीय नाव रेयॉन. प्रारंभी ते परदेशातून येई. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी भांडवलाने हा धंदा हाती घेतला आणि उल्हासचे खोरे त्याचे एक मोठे केंद्र बनले. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली व तिचा कारखाना कल्याणजवळ मोहोने येथे उभा राहिला. १९५० च्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉन सुरू झाला. पाणी मुबलक, रेल्वे हाताशी, मुंबईची बाजारपेठ तासा-दीड तासावर. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो कुटुंबांची चूल या कारखान्यांवर पेटली. हे विसरून या विषयावर बोलणे अन्यायाचे होईल.

रेयॉन तयार कसे होते? लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात. मग त्यावर कार्बन डायसल्फाइड या अतिशय उडून जाणाऱ्या, ज्वालाग्राही द्रवाची क्रिया घडवतात. लगद्याचे नारिंगी-पिवळे कण होतात. ते पुन्हा सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवले की मधासारखा दाट द्रव मिळतो. त्याचे नाव व्हिस्कोस. १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. हा द्रव अतिसूक्ष्म छिद्रांतून आम्लाच्या हौदात सोडला की त्याचा धागा बनतो. आणि धागा बनताना, आधी लगद्यात शिरलेला कार्बन डायसल्फाइड पुन्हा मोकळा होऊन हवेत येतो. तो येतो कोठे? स्पिनिंग खात्यात, यंत्रावर वाकून तुटलेला धागा सांधणाऱ्या कामगाराच्या नाकासमोर.

या वायूची कीर्ती रेयॉनच्या आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये रबर मऊ करण्यासाठी तो वापरीत. ऑगस्त देल्पेश या वैद्याने १८५६ मध्ये आणि नंतर १८६३ मध्ये अधिक विस्ताराने त्या कामगारांचे वर्णन केले. आधी डोकेदुखी, चक्कर, विनाकारण हर्ष, बडबड, संताप, कामवासनेचा उद्रेक. मग हळूहळू सारे ओसरून विस्मरण, औदासीन्य, पायांतील अशक्तपणा. १८८८ मध्ये विख्यात शार्को यांनी साल्पेत्रिएरच्या व्याख्यानात अशा रुग्णाला ‘हिस्टेरिया’च्या चौकटीत बसवले. माझ्या मते ही वैद्यकाच्या इतिहासातील महागात पडलेली पायरी होती. एकदा आजाराला स्वभावाचा दोष म्हटले की हवेकडे कोण पाहणार? लाइपझिगच्या लाउडेनहाइमर यांनी १८९९ मध्ये रबर कामगारांच्या वेडावर ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या थॉमस ऑलिव्हर यांनी १९०२ च्या सुमारास नोंदवून ठेवले आहे की काही कारखान्यांत या कामाच्या खोलीच्या खिडक्यांना लोखंडी गज बसवले होते, कारण उन्मादाच्या झटक्यात कामगार खाली उडी घेत. गज बसवण्याइतके मालकांना ठाऊक होते, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

मग मेंदूत नेमके काय बिघडते? याचे निदान अंशतः तरी उत्तर १९७० च्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाले. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचा संदेशवाहक पदार्थ असतो. काही चेतापेशींत त्याच डोपामिनपासून नॉरअॅड्रेनलिन हा दुसरा संदेशवाहक तयार होतो. सावधपणा, रक्तदाब, झोप-जागृती यांच्याशी त्याचा संबंध. हे रूपांतर घडवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, काम करण्यासाठी तांबे लागते. कार्बन डायसल्फाइड शरीरातील अमाइन गटांशी संयोग पावून असे पदार्थ निर्माण करतो की ते तांबे पकडून ठेवतात. तांबे अडकले की विकर अडते. डोपामिन साचते, नॉरअॅड्रेनलिन घटते. शिवाय ब-६ जीवनसत्त्वाच्या एका रूपाशीही हा वायू बांधला जातो, आणि मेंदूतील कितीतरी रासायनिक क्रियांना ब-६ हवे असते. पॅरिसच्या कामगाराचा तो आधीचा उन्माद आणि नंतरची ग्लानी हा त्याचा स्वभाव नव्हता, हे अशा प्रयोगांनंतर अधिक नेमके सांगता येऊ लागले. सगळे कोडे एका विकराने सुटत नाही, हेही खरे.

येथे एक आडवळण घेतो, कारण ते फार मनोरंजक आहे. १९३७ मध्ये एका अमेरिकन डॉक्टराने लिहिले की रबरात मिसळायच्या गंधकयुक्त रसायनाशी काम करणाऱ्या मजुरांना दारू अजिबात सोसत नाही. एक घोट घेतला की चेहरा लाल, धडधड, मळमळ. त्याच कुळातील डायसल्फिराम हे रसायन डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ मध्ये दारू सोडवण्याचे औषध म्हणून पुढे आणले. आजही ते दिले जाते. शरीरात त्याचे विघटन झाले की काही अंशी कार्बन डायसल्फाइडच निर्माण होतो, आणि काही थोड्या रुग्णांत भ्रम किंवा उन्माद उद्भवतो तो बहुधा याच डोपामिनच्या वाटेने. औषध आणि विष यांच्यात मात्रेचे अंतर असते हे आपण आजीच्या बटव्यापासून ऐकत आलो आहोत. येथे ते कारखान्याच्या फाटकातून दवाखान्यात आले.

पण तीव्र विषबाधा हा या कथेचा सोपा भाग. माणूस डोळ्यांदेखत बरळू लागला तर कोणीतरी लिहून ठेवतो. कठीण भाग पुढचा. १९३० च्या दशकात अॅलिस हॅमिल्टन यांच्या आग्रहाने पेनसिल्व्हेनियातील रेयॉन कामगारांची पाहणी झाली. १९३८ च्या त्या पाहणीत हातापायांच्या चेता बधिर झालेले आणि कंपवातासारखी लक्षणे असलेले कामगार आढळले. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत कारखान्यांची हवा सुधारली, मात्रा घटली, खिडक्यांचे गज गेले. आता संपले, असे वाटले. आणि १९६८ मध्ये ब्रिटनमधील टिलर, शिलिंग व मॉरिस यांनी वेल्समधील रेयॉन गावांच्या मृत्युनोंदी चाळून दाखवले की हे कामगार हृदयविकाराने अपेक्षेपेक्षा बरेच अधिक मरत आहेत.

फिनलंडच्या संशोधकांनी हा प्रश्न फार नेटका सोडवला. त्यांनी एका रेयॉन कारखान्यातील ३४३ कामगार घेतले आणि त्यांच्या जोडीला त्याच परिसरातील कागद कारखान्यातील ३४३ कामगार. वय तेच, गाव तेच, थंडी तीच, जेवण तेच. १९६७ पासून पाच वर्षे दोन्ही गटांवर लक्ष ठेवले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने रेयॉन गटात १४ मृत्यू, कागद गटात ३. हे पाहून १९७२ मध्ये तेथे हवेतील मर्यादा दहा लाखांत २० भागांवरून १० भागांवर आणली गेली आणि ज्यांना धोका अधिक त्यांना त्या खात्यातून हलवले. पुढील वर्षांत हा जास्तीचा मृत्युदर उतरत गेला.

या आकड्यांकडे क्षणभर थांबून पाहावे. त्या १४ जणांपैकी कोणत्याही एकाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘कार्बन डायसल्फाइड’ असे लिहिता आले नसते. प्रत्येकाचा हृदयविकार हा इतर कोणाच्याही हृदयविकारासारखाच दिसतो. विष दिसले ते केवळ ३४३ आणि ३४३ शेजारी ठेवल्यावर. मंद विषाचा इतिहास असा असतो: एका माणसाच्या चरित्रात तो सापडत नाही, गावाच्या नोंदवहीत सापडतो. आणि नोंदवहीच ठेवली नसेल तर कोठेच सापडत नाही.

दक्षिण कोरियात ती वही कामगारांनी स्वतः ठेवायला लावली. जपानने टाकून दिलेली जुनी रेयॉन यंत्रे १९६० च्या दशकात तेथे गेली. पुढे त्या कारखान्याचे नाव वोनजिन रेयॉन झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्धांगवायू, विस्मरण, मूत्रपिंडाचे विकार घेऊन माणसे पुढे येऊ लागली. आंदोलने झाली, १९९३ मध्ये कारखाना बंद पडला, आणि अखेरीस नऊशेहून अधिक कामगारांना या विषाचे बळी म्हणून मान्यता मिळाली. भरपाईच्या निधीतून त्यांनी रुग्णालय उभे केले. यंत्रे मात्र भंगारात गेली नाहीत. ती चीनला विकली गेली.

आपल्याकडे कायदा मागे नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या रोगांची यादी होती आणि त्यात कार्बन डायसल्फाइडची विषबाधा होती, पाऱ्याचीही होती. असा रुग्ण आढळला तर डॉक्टराने कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयास कळवले पाहिजे, असे कलम ८९ सांगत असे. पण कळवायचे तर आधी ओळखायला हवे. पन्नाशीत हृदयविकाराने गेलेला, निवृत्तीनंतर हात थरथरणारा, गेली दहा वर्षे चिडखोर आणि विसराळू झालेला माणूस: याला कोणता डॉक्टर अनुसूचीतील क्रमांक लावील? घरचे म्हणतात, रात्रपाळीने प्रकृती ढासळली. मोहोनेचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला आणि हजारो कामगारांच्या देण्यांचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. पगार, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी यांचे हिशेब त्या वादात मांडले गेले. चेतासंस्थेचा हिशेब मांडायला त्यात रकाना नव्हता.

आता मिठाकडे. वसई-भाईंदरच्या मिठागरांजवळून रेल्वेने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेले तेच मीठ. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो आणि कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्यातून वीज सोडून करतात. या विद्युतघटांची जुनी पद्धत अशी: तळाशी पाऱ्याचा वाहता थर असतो, सोडियम त्या पाऱ्यात मिसळतो, मग पाण्याशी गाठ पडली की कॉस्टिक सोडा तयार होतो आणि पारा पुन्हा फिरून घटात येतो. या पद्धतीने मिळणारा सोडा अतिशुद्ध असे, आणि रेयॉनला तसाच लागे. कागदावर पारा संपत नाही. प्रत्यक्षात तो गळतो, बाष्प होतो, सांडपाण्याबरोबर जातो. रेयॉनचे पहिले विष कारखान्याच्या भिंतीआड राहिले. हे दुसरे नदीला लागले.

पाण्यात गेलेला पारा धातुरूपात बराचसा निरुपद्रवी भासतो. पण खाडीच्या चिखलात, जेथे प्राणवायू नाही, तेथे गंधकाच्या संयुगांवर जगणारे जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. स्वीडनमधील संशोधकांनी १९६९ मध्ये हे गाळाच्या प्रयोगांतून दाखवले. मिथिल पारा शेवाळातून किड्यात, किड्यातून बोयीत, बोयीतून जिताड्यात असा साठत, वाढत जातो. माणसाच्या शरीरात तो सिस्टिन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि त्या जोडीचे रूप मेथिओनिन या दुसऱ्या, अत्यावश्यक अमिनो आम्लासारखे दिसते. मेंदूच्या वेशीवरचा पहारा मेथिओनिनला आत सोडतो. पारा त्याच्या वेशात शिरतो. आत गेल्यावर तो ग्लुटामेट नावाचा उत्तेजक संदेशवाहक वेळेवर उचलून नेण्याचे काम बिघडवतो, त्यामुळे चेतापेशी अतिउत्तेजनाने मरतात; शिवाय पेशींना जपणारे ग्लुटाथायोन आणि सेलेनियम तो अडकवून ठेवतो. तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि दृष्टीचा प्रदेश यांवर आघात सर्वाधिक.

जपानमधील मिनामाता उपसागराची कथा तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून मिथिल पारा थेट उपसागरात जात होता. आधी मांजरे झिंगून पडू लागली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाने अनाकलनीय मेंदूविकाराची खबर दिली. १९५९ मध्ये कुमामोटो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी कंपनीच्या डॉक्टर होसोकावा यांनी सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला घालून तोच आजार घडवून पाहिला, आणि ते निष्कर्ष दडपले गेले. सरकारने कारण मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. मधल्या वर्षांत सांडपाणी वाहत राहिले. आजारी पडली ती प्रामुख्याने मच्छीमारांची घरे, म्हणजे आपल्याकडील कोळीवाडे म्हणा.

त्या बातम्या येथे पोहोचल्या तेव्हा मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बी. सी. हळदार हे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. तेजम आणि हळदार यांनी मुंबई-ठाणे परिसरातील माशांत पारा किती, याची प्राथमिक पाहणी करून ती १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. मिनामाताला अधिकृत मान्यता मिळून जेमतेम सात वर्षे झाली होती; आपल्या विद्यापीठीय प्रयोगशाळेने इतक्या लवकर हा प्रश्न विचारला, याची दखल आपल्या विज्ञानेतिहासात फारशी घेतली जात नाही याचे मला वाईट वाटते. पुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील संशोधकांनी उल्हासच्या खाडीतील गाळ तपासला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खाडीच्या आतल्या पट्ट्यात पाऱ्याचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पटींनी अधिक आढळले. समुद्राकडे यावे तसे ते उतरत जाते.

वसई म्हणजे मिनामाता नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. येथे कारखान्यातून बाहेर पडला तो प्रामुख्याने असेंद्रिय पारा. त्याचा थोडाच भाग मिथिल होतो. खाडीचे तोंड रुंद, भरती मोठी. पाचूबंदर किंवा नायगावच्या एखाद्या वृद्धाच्या थरथरत्या हाताकडे बोट दाखवून ‘हा पारा’ म्हणणे हा त्या माणसावरही अन्याय आणि शास्त्रावरही. पण फिनलंडचे ते दोन ३४३ आठवा. उल्हासकाठच्या मासे खाणाऱ्या वस्त्या आणि न खाणाऱ्या वस्त्या, रेयॉनच्या स्पिनिंग खात्यातून निवृत्त झालेले आणि त्याच चाळीत राहून दुसरीकडे नोकरी केलेले, अशा जोड्या येथेही होत्या. काही अजून आहेत. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे.

पाऱ्याचे घट मात्र गेले. २००३ च्या केंद्रीय सनदेने कॉस्टिक उद्योगाला झिल्लीच्या पद्धतीकडे वळवायला घेतले. भारताने पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१८ मध्ये अनुमोदित केला. रेयॉन गेलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या कारखान्यात कार्बन डायसल्फाइड भरण्यासाठी आलेल्या टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले, तेव्हा अनेकांनी या रसायनाचे नाव प्रथमच ऐकले.

गाळ आपल्या जागी आहे. जुन्या दशकांचे थर खाली, नवे वर. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट याच खाडीवरून ये-जा करते, आणि कल्याणपासून वसईच्या खाडीपर्यंतचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित आहे. जलमार्गाला खोली लागते आणि खोलीसाठी तळ उपसावा लागतो. कोणत्या पट्ट्यात किती खोल उपसले तर १९६०-७० च्या दशकांचा थर हलेल, आणि तो उपसलेला चिखल नेऊन कोठे टाकायचा, हे ठरवण्यापूर्वी २००३ च्या त्या अभ्यासाची पाने कोणीतरी उघडली पाहिजेत.